पानावर किती बटणं

गेनोवाइतेबाईंच्या दुकानात खुर्ची एकच,
तीही गिऱ्हाइकासाठी.
मी उभाच. हातात यादी, तेवीस कलमं,
दर कलमापुढे रिकामा चौकोन.
बाहेर काउनासचा मार्च,
नदीत अजून बर्फाचे तुकडे एकमेकांना ढोसत चाललेले.
आत विजेची शेगडी आणि भिंतभर खण,
प्रत्येक खणावर बाहेरून टाचलेलं एकेक बटण.
नाव एकाही खणाला नाही.

"पानावर बटणं किती लावायची?" मी विचारलं.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"दोन भोकांची की चार?"

खरेदीची टोपली?
"जिची बारातली अकरा शाबूत आहेत
ती एकासाठी टोपली घेऊन येईल?"
खोडलं.

शोधायची चौकट?
"काय लिहितील तीत? तपकिरी?"
त्या शिडीवर चढल्या, सहा खण ओढले,
काचेवर सहा तपकिरी मांडले:
एक करपल्या साखरेचा, एक भिजल्या फांदीचा,
एक बुटाच्या पॉलिशचा,
एक घोड्याच्या डोळ्यासारखा, ओला,
उरलेल्या दोघांत फरक मला दिसेना.
"त्यांनाही दिसणार नाही," बाई म्हणाल्या,
"कोटावर लागेपर्यंत."
खोडलं.

कोपऱ्यातून उडी मारून
'काही मदत करू का?' विचारणारा फुगा?
"माणूस आत आला की मी आधी गप्प बसते.
काय हरवलंय ते त्याला स्वतःशी बोलू दे की."

पाच चांदण्यांचे अभिप्राय?
"जे खूश आहेत ते परत कशाला येतील?
मी शिवलेलं बटण टिकतं,
गिऱ्हाईक तुटतं."

मी आता खोडणंही थांबवलं होतं.
एवढ्यात दारावरची घंटा वाजली.
उंच, लाजरा मुलगा, काळा कोट मुठीत आवळून धरलेला.
संध्याकाळी ट्रॉम्बोन वाजवायचा होता त्याला,
पहिल्यांदाच, मोठ्या सभागृहात.
बाईंनी त्याची मूठ सोडवली,
बटणाच्या जागेकडे पाहिलंच नाही,
समोरच्या काजात करंगळी घातली, जरा फिरवली,
आणि तिसऱ्या ओळीतला खण न बघता उघडला.

दोरा दाताने तोडताना तो म्हणाला,
"तीनदा गेलो इथून. इंटरनेटवर तुम्ही बंद आहात."
"म्हणजे?"
"कायमचं बंद, असं लिहिलंय. दोन वर्षं झाली."

शेगडीची तार करकरली.
दोन वर्षांपूर्वी व्हिटॉटास गेले तेव्हा
शटर सहा आठवडे खाली होतं.
तेवढ्यात कुणीतरी, कुठेतरी,
एक बटण दाबलं असणार.
बाईंनी पैसे मोजून घेतले, पन्नास सेंट,
त्याला दारापर्यंत सोडलं, हे त्या एरवी करत नाहीत.
मग माझ्या हातातली यादी घेतली, पालथी केली
आणि पेन्सिलीने कोऱ्या बाजूला लिहिलं:

उघडं आहे.
दहा ते सहा. एक ते पावणेदोन मी जेवते.
फोन दोनदा वाजू द्या, मी शिडीवर असते.

"आणि एक कर. फोटो पाठवायची सोय ठेव.
पण बटणाचा नको, ते तर हरवलेलं असतं.
काजाचा. शेजारी एक नाणं ठेवून,
म्हणजे मला माप कळेल."

माझ्या यादीत हे चोविसावं कलम नव्हतं.
चार दिवस लागले ते बसवायला,
आणि पहिल्याच आठवड्यात
कुठल्या कुठल्या गावांतून
रिकाम्या काजांचे एकतीस फोटो आले,
एकात नाण्याऐवजी लहान मुलाचं नख.

'आमच्याविषयी' हे पान तेवढं अडलंय.
ते मीच लिहीन, म्हणाल्या होत्या.
मध्ये एकदा फोन केला, दोनदा वाजू दिला.
"व्हिटॉटासचं नाव कुठल्या काळात लिहू?" त्यांनी विचारलं.
मला व्याकरण येतं. उत्तर आलं नाही.
ती चौकट मी अजून रिकामीच ठेवली आहे,
चारी कडा शिवून.